खोडरबर

फेब्रुवारी. एमायोगी नदी गोठून दगड झालेली,
आणि आम्ही तिघं रात्र होण्याची वाट बघत
तार्तूमधल्या एका जुन्या लाकडी सभागृहात.
शेवटची बस गेली की रेकॉर्डिंग सुरू.
भट्टी बंद. ती घुमते, आणि तार्मोच्या मायक्रोफोनला
तिचं घुमणं माझ्याआधी ऐकू येतं.

विर्वेला एकाच तबकडीवर दोन्ही हवं होतं:
अडीचशे वर्षांपूर्वीचे सोनाटे, धुतलेल्या काचेसारखे,
आणि मधेमधे ते नवे तुकडे,
ज्यांत पियानोच्या पोटात हात घालतात,
तारांत स्क्रू, बुचं, शाळकरी खोडरबर कोंबतात.
"माझ्या वाद्यानं तुझं काय घोडं मारलंय?"
ती हसली. "एल्मार, तूही रबरच खुपसतोस की."

खरं होतं. एका पट्टीच्या तीन तारा;
दोघींची तोंडं दाबल्याशिवाय
तिसरीचं म्हणणं मला ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं हेच करतोय. पण माझं रबर
काम झालं की खिशात परत येतं.

त्या रात्री नवे तुकडे आधी झाले.
विजेरी घेऊन वाकलो, एकेक वस्तू उपसून
बशीत ठेवली, मोजली. बोटं बधिर.
सूर लावले. दीड वाजता सोनाटा.

संथ भागात अगदी वरची एक पट्टी
एकदाच लागते.
ती लागली
आणि तिघींऐवजी एकटीच बोलली,
घरचे सगळे झोपल्यावर
कुणी दार लोटावं तशी.

तार्मोनं मान वर केली नाही. विर्वे थांबली नाही.
मी थर्मास धरून, मूग गिळून बसलो.
सकाळी चोरासारखा पियानो उघडला:
काहीच नव्हतं. म्हटलं, भास. म्हातारे कान.
तरी कानाला खडा लावला,
असले उपद्व्याप पुन्हा नकोत.

जूनमध्ये टपालानं तबकडी आली.
उभ्यानंच ऐकली, एका पायात बूट.
ती जागा आली. एकटी तार.
तशीच ठेवलेली.

पाकीट झटकलं तर टेबलावर पडलं
निळं-तांबडं, एका कोपऱ्यात चावलेलं,
तिच्या मुलाच्या कंपासपेटीतलं.
चिठ्ठी नव्हती.

खिशात टाकलं, माझ्या रबरांत.
गुरुवारी शाळेचा पियानो लावताना
चुकून तेच हाताला आलं.
चाललं.