नमुन्याचे तीन तुकडे

खडेबाजारातल्या लॅबमध्ये मल्लेशी हुद्दारनं
जैतुनबीचा एकच फोटो तीन कागदांवर काढला
आणि तीन तुकडे काउंटरच्या काचेवर
पत्त्यांसारखे टाकले.
ग्लॉसी. मॅट. आणि मधला, बारीक दाण्याचा,
ज्याला तो रेशमी म्हणतो.
शहापुरात माग चालवणाऱ्या बापाचा मुलगा,
त्याला तसं म्हणायचा हक्क आहे.

"इथं ठरवू नका ओ," तो म्हणाला,
"इथला उजेड माझा आहे.
लावणार तिथं घेऊन जावा,
बेळकु नोडरी, मग सांगा."

मी मनात ठरवून टाकलं होतं: मॅट.
निपाणीच्या बसमध्ये पाकीट मांडीवर.
खिडकीतून ऊन आलं की ग्लॉसी तुकडा
माझंच नाक मला दाखवायचा.
मॅट मात्र निमूट,
उसना घेतलेला उजेड परत न करणाऱ्या शेजाऱ्यासारखा.
संकेश्वर येईपर्यंत माझी खात्रीच झाली.
शिवाय जाणकारांच्या भिंतींवर तोच असतो.

वखारीत आता तंबाखू नाही, वास आहे.
पत्र्यात बसवलेला काचेचा एक चौकोन,
तेवढाच उजेड, दिवसभर भिंतीवरून सरकणारा.
तिथं प्रदर्शन.
सुतळीनं तिन्ही तुकडे खिळ्यांना टांगले
आणि ज्यांचे फोटो त्या अकराही जणी बघायला आल्या,
पानं कातरून कातरून अंगठे वाकलेल्या.

हौसाक्का मॅटपुढं थांबली.
"धुरळा बसलाय काय गं हेच्यावर?"
पदरानं पुसला.
निघेना. परत पुसला.

मी समजावायला लागले,
काळा रंग कसा मऊ होतो,
सुरकुती न सुरकुती कशी शांतपणे दिसते.
"व्हय," ती म्हणाली, "पर ती मला रोजच दिसती की."

जैतुनबीनं कनवटीचं विडी-कार्ड काढलं.
अंगठ्याएवढा फोटो,
निम्म्या तोंडावर सरकारी शिक्का.
"एवढाच काढलाय आमचा आजवर.
लेकीच्या लग्नाचा अल्बम बघ,
कसा झळझळतोय. आम्ही काय मातीचे?"

मला जरा रागच आला.
दोन वर्षं मी यांच्या ओट्यांवर बसले होते,
माझ्याही नजरेला काही किंमत असेल की नाही.

तीन वाजून गेल्यावर
उजेडाचा चौकोन सरकत सरकत ग्लॉसीवर आला.
जैतुनबीचा चेहरा गेला.
नुसती पांढरी झळ.
बघा, म्हटलं, मी हेच सांगत होते.

ती काही बोलली नाही.
एक पाऊल डावीकडं सरली,
मान जराशी कलती केली,
सुपातली पत्ती उजेडाला धरून पारखावी तशी.
"आले की," म्हणाली. "हितनं दिसते."

मीही सरले.
नाकातली चमकी.
बुबुळात माझ्याच छत्रीचा पांढरा ठिपका.
आणि पाठीमागचा काळोख इतका काळा
की विहिरीत वाकल्यासारखं झालं.

मॅटवर गरिबी छान दिसते.
हे वाक्य त्या रात्री वहीत लिहिलं.
वाचलं. खोडलं नाही.
बघणाऱ्यानं एक पाऊल हलायचं,
एवढंच तर मागत होती ती.

सकाळी मल्लेशीला फोन.
"अकरा. ग्लॉसी."
"बोटांचे ठसे उठतात हं, मग बोलायचं नाही."
"उठू देत."
"काच?"
"काच नको."

तो लिहून घेत होता, पेनाचा आवाज ऐकू आला.
मग जरा थांबून, दुसरंच काही विचारल्यासारखा,
"आणि रेशमी? तो कुणाला नाही आवडला काय?"

खरं तर त्याच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.
मी पाकीट चाचपलं.
तो, म्हटलं, मी ठेवून घेतला.
आणि हे खरं होतं,
निदान त्या क्षणापासून.