खांद्याचा प्रश्न

येर्का आली तेव्हा मी मेंढीचा फरा सोडवत होतो.
सामुद्रधुनीवरनं वारा असा सुटलेला
की दार तिनं उघडलं का वाऱ्यानं, सांगता येईना.
काखेत कागदाची गुंडाळी, बोटं कोळशानं काळी.
"डॉन ओविदियो, जुलैच्या मिरवणुकीसाठी
जनावर काढलंय. बघता?"

हात एप्रनला पुसले, म्हणजे पुसले नाहीतच.
कागद पसरला तराजूशेजारी,
चार कोपऱ्यांवर चार वजनं.

ग्वानाकोची मान. प्युमाचं अंग.
मागं हत्तीसीलचं शेपूट, ओल्या पोत्यासारखं जड,
आणि पाठीवर कॉन्डोरचे पंख,
कागदात मावेनात म्हणून
टोकाला मुडपलेले.

चांगलं होतं. खोटं कशाला बोलू.
डोळा तर असा,
की माझ्या सुरीवर नजर ठेवून आहे.
पण चाळीस वर्षं मी जनावरं आतल्या बाजूनं वाचतोय.
विचारलं, "पंख कशाला अडकवलेत?"
"पाठीला."
"पाठीला काय खुंटी असते?"

मग तिच्यापुढं फरा ठेवला.
हे पातं बघ, वल्ह्यासारखं चपटं.
याचं वरचं टोक कुठल्याच हाडाला लागत नाही,
नुसतं मांसात झुलतं.
साठ किलोची मेंढी, लोकरीसकट,
जन्मभर अशा दोन झोळ्यांत लटकून चालते
आणि तिला पत्ता नसतो.

येर्कानं पात्यावर बोट ठेवलं.
गार होतं. तिनं बोट उचललं नाही.

मग कोंबडी उघडली.
छातीचं हाड बोटीच्या तळासारखं,
दोन्ही अंगांना मांस थापलेलं.
उडणं पंखात नसतं गं, म्हटलं,
उडणं इथं असतं.
प्युमाच्या छातीत एवढी जागा नाही.
तिथं भूक राहते.

ती बर्फाच्या पेटीवर बसून खोडत राहिली.
दोनिया इर्मा काळीज घ्यायला आल्या,
चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"हे खातं काय?"
चिलोएचा तो मासेवाला म्हणाला,
"निजतं कसं, पंख खाली घेऊन का वर?"
येर्का सगळं ऐकत होती. कागद भोक पडायला आलेला.

शेवटी मला म्हणाली, "हात वर करा."
उजवा गेला.
डावा कानापर्यंत जाऊन थांबला.
"एवढाच जातो?"
"धडं वाहिलीत यावर. मेंढ्यांची, गाईंची,
एकदा पोर्वेनीरच्या फेरीवर
बायकोचं शिवणयंत्र."
"शर्ट काढा."

गिऱ्हाइकं असताना, थंडीत,
मी उघडा उभा राहिलो,
बासष्ट वर्षांचा, हुकाला टांगलेल्या मालाशेजारी.
कोळसा कागदावर करकरत होता.
कुणी हसलं नाही. दोनिया इर्मा जराशा हसल्या.

ते शेपूट मात्र तिनं ठेवलं.
शेपूट साफ चुकीचं होतं.
त्याबद्दल मी काही बोललो नाही.

जुलैत, चारलाच काळोख पडल्यासारखा,
बर्फाचा चिखल तुडवत जनावर रस्त्यावर आलं.
तार, कापड, बांबू, आत सहा पोरं.
मान अलगद वळायची, छाती पुढं आलेली,
आणि डावा खांदा
उजव्यापेक्षा वीतभर खाली.

पोरं ओरडली. कुत्री मागं सरली.
शेजारी दोनिया इर्मा म्हणाल्या,
"दमलेलं दिसतंय बिचारं."
"दमलेलं नाही," म्हटलं,
"त्याला ओझ्याची सवय आहे."

कोपऱ्यावर वाऱ्यानं पंख धरला.
पोरं आतून शिव्या देत होती.
जनावर कललं, थांबलं,
पडत्या खांद्यावर भार घेतला
आणि वळलं.

मी नकळत माझा डावा हात चोळत होतो.
शेपूट गटारात भिजत
हळूहळू मागनं गेलं.