तर्री

मसाला बाजारात, सेक्टर एकोणीसमध्ये,
सव्वीस वर्षं मी गाळ्यावर बिलं करते आहे,
आधी कार्बन घालून, मग संगणकावर.
लवंगी मिरचीची गाडी उतरली की सगळेच शिंकायचे,
माझे मात्र डोळे गळायचे.
वहिनी, घरी काय झालं? हमाल विचारायचे.
काही नाही रे बाबा, मिरची.
रविवारीही गळायचे.
रविवारी मिरची नव्हती.

मढवी मॅडमनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली,
पापणी उलटून पाहिली, म्हणाल्या,
कोरडे आहेत हो डोळे तुमचे.
मी तेव्हा पदराने गाल पुसत होते.

पापणीच्या कडेला म्हणे तेलाचे बारीक घाणे असतात,
ओळीने, केसांच्या मुळांमागे.
तुमचे थिजलेत.
पाणी येतं, पण त्यावर तेल नाही, टिकत नाही,
उडून जातं,
की डोळा घाबरून आणखी सोडतो.

हे मला कळलं.
वर तर्री नसली तर रस्सा ताटात येईस्तोवर निवतो.
आणि पौषात खोबरेल थिजलं
की बाटली आपण कोमट पाण्यात उभी करतो,
फोडत नाही.

तीस वर्षांचं काजळ त्या दिवशी थांबलं.
डबी टाकली नाही. देव्हाऱ्याच्या खणात आहे.

कोपरखैरण्याच्या माथाडी खोलीत
जेवणं आटपली की हिंदुराव पाणी तापवतात.
पन्नास-पन्नास किलो पाठीवर वाहिलेला माणूस,
मानेवर अजून घट्टा आहे.
रुमाल पिळतात, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघतात,
मग माझ्या डोळ्यांवर.
धा मिंटं हलायचं न्हाय, म्हणतात,
थप्पीला लावलेल्या पोत्याला सांगावं तसं.

शेजारच्या मालिकेतली सून रडते.
ठाणे-बेलापूर रोडवर कंटेनर गिअर बदलतात.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, लागत नाही.
लग्न झाल्यापासून
कुणी काही मागितलं नाही
अशी ही पहिलीच दहा मिनिटं.

मग त्यांचं बोट, करंगळीशेजारचं,
तेवढंच जरा मऊ उरलंय.
वरची पापणी वरून खाली,
खालची खालून वर,
मुळांकडे, हलक्या हाताने.
पहिल्या रात्री तो हात थरथरला होता,
हूक मारून पोती ओढणारा हात.
हितं हाय काय दाबाया, म्हणाले,
कांद्याचा पापुद्रा हाय नुसता.
शेवटी ओल्या कापसाने कड पुसायची,
काजळ असायचं अगदी तिथेच.
कोंडा निघतो, पिठासारखा.

आता सकाळी पापण्या चिकटत नाहीत.
बरं म्हणजे संपलं असं नाही, मॅडम बजावतात,
रोजचं आहे हे, भाकरीसारखं.
आणि पापणी अर्धी मिटली तर मोजायची नाही,
वरची खालचीला टेकली पाहिजे.
म्हणून स्क्रीनवर मी चिठ्ठी लावली: मिटा.
गाळ्यावरच्या निहालने खाली लिहिलं:
आणि उघडा पण, शालनताई.

गेल्या मंगळवारी रुमालाखाली
मला थोरला आठवला,
खोली लहान म्हणून पाटणला मावशीकडे ठेवलेला.
दोन वर्षं त्याचा फोन नाही.
काही झालं असेल. रुमाल तसाही ओलाच होता.
हिंदुरावांचं बोट पापणीवरच थांबलं.
निवला वाटतं, म्हणाले, दुसरा आनतो.
मग मोरीत
बराच वेळ नळ चालू होता.