बाहेरचा कोपरा

अझारायाच्या घराचा ईशान्य कोपरा
या हिवाळ्यात कुजला.
न्यूफाउंडलंडचा वारा मीठ घेऊन येतो
आणि आधी कोपरेच चाटतो.

मी उभी पट्टी उचकटली.
लाल झालेले खिळे कुरकुरत निघाले
आणि पंचेचाळीस वर्षं कुणी न पाहिलेली
दोन भिंतींची टोकं उघडी पडली.

तळाला फळी फळीला चोख भेटत होती.
तिसऱ्या ओळीला एक सूत फरक.
सहाव्या ओळीला दोन.
मी शिडी चढत गेले, फरक माझ्याबरोबर चढत गेला,
वळचणीपाशी इंचाहून जास्त.

"पाया खचलाय," म्हातारा खालून म्हणाला.

मी लेव्हल लावली.
पूर्वेची भिंत, बुडबुडा मधोमध.
उत्तरेची भिंत, बुडबुडा मधोमध.
दोघी आपापल्या ठिकाणी बिनचूक.

पूर्व त्याची. उत्तर हेडलीची.
सूत जुळलं नाही म्हणतात ते
मी पहिल्यांदाच पट्टीने मोजलं.

घराला मापाची काठी एकच असते.
सगळ्या ओळी तिच्यावर खुणावायच्या,
कोपऱ्याकोपऱ्याला ती उभी करायची, मगच फळी.
"त्यानं मागितली होती काठी," अझाराया म्हणाला,
"मी म्हटलं, तुझी तू कर."
आणि बराच वेळ खाडीकडे बघत राहिला,
जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

मग म्हणाला, "पट्टी नको. टोकं तिरपी कापून
एकमेकांत मिटव. बाप करायचा तसं."

येईल करता, मी म्हटलं.
करवत पंचेचाळीसच्या केसभर पुढे धरायची,
म्हणजे बाहेरची धार बंद होते.
पण ओळी जुळायला हव्यात.
एक भिंत उतरवावी लागेल, सगळी.

"कुठली?"

मी टेप गुंडाळत बसले.
त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.
मगातला चहा गवतावर ओतला, म्हणाला,
"पट्टीच लाव."

डांबरी कागद कोपऱ्यावरून वळवला,
दोन्ही अंगांना वीतभर.
स्प्रूसच्या दोन पट्ट्या, एक रुंद, एक
जाडीइतकी कमी, म्हणजे दोन्हीकडून सारख्या दिसतील.
कापलेल्या टोकांना दोनदा प्रायमर,
पाणी पितं ते टोकानेच.

पट्ट्यांचा सांधा एका भिंतीवर दिसणारच.
कुणाच्या, ते विचारायला मी वळले, तर तो आधीच बोलला,
"माझ्याकडे घे. पाणी शिरायचं असेल
तर माझ्याकडून शिरू दे."

फळी आणि पट्टीत खिळ्याइतकी फट सोडली.
ऑगस्टात लाकूड फुगतं,
त्याला कुठेतरी सरकायला लागतं.

हेडलीकडची पट्टी ठोकण्याआधी
म्हाताऱ्याने माझ्या कानावरची पेन्सिल मागितली,
पट्टी पालथी केली, काहीतरी लिहिलं,
हळू, शाळेतल्यासारख्या अक्षरात.
मी वाचलं नाही.
बाजू उलटी केली, ओळंबा धरला,
आणि वरून सुरुवात केली.