मागचा डावा

जाजुरच्या उतारावर पोलिसाने काठी आडवी केली.
काच खाली घेतली तर आधी थंडी आत आली,
मग त्याचं लाल नाक.
"बाई, तुमचा मागचा डावा गेलाय."
असं म्हणाला, जणू कुणी नात्यातलंच.
मी मान खाली घातली.
त्याने मागच्या सीटवरची चीजची मडकी नजरेनेच मोजली,
दंड काही केला नाही.
"आजच बदला. तुम्ही थांबताय
हे मागच्याला कळायला नको?"

मला तरी कुठे कळलं होतं?
बारा वर्षं चालवतेय ही ओपेल,
तिचा ब्रेकचा दिवा पेटलेला मी कधी पाहिलेला नाही.
पाय दाबलेला असतो तेव्हा
डोळे पुढे असतात.

ग्युमरीच्या बाजारात आर्ताशने
बल्ब कानाशी धरून हलवला.
किण् किण्. मुंगीच्या पैंजणाएवढा आवाज.
"एकाच काचेत दोन तारा असतात, सातेनिक.
बारीक तार रात्रभर जळते,
जाड तार फक्त तू थांबतेस तेव्हा.
तुझी जाड गेलीय. बारीक शाबूत,
म्हणून तुला वाटत राहिलं
सगळं ठीक चाललंय."
तीनशे द्राम घेतले
आणि वर एक अक्रोड दिला, फुकट.

अंगणात डिकी उघडली.
गालिचा ओढला, त्याखाली मागच्या उन्हाळ्यातले गव्हाचे दाणे,
एक हातमोजा, ज्याची जोडी मी केव्हाच फेकून दिली.
फुलपाखरासारखे दोन नट. एक सुटला,
दुसऱ्याने नखाचा तुकडा घेतला.
नव्या बल्बच्या बुडाला दोन खुंट्या,
एक वर, एक जरा खाली:
उलटा बसवायला गेलं तर बसतच नाही.
मी तीनदा उलटाच बसवायला गेले.
चौथ्यांदा दाबला, फिरवला,
आणि तो खट्‌कन घरी गेला.

आता पेटतो की नाही, हे कोण सांगणार?
ब्रेक दाबला, सोडला, धावत मागे गेले.
अर्थातच विझलेला.
पेडलवर वीट ठेवली, ती घसरली.
सीट आणि पेडलमध्ये झाडू अडकवला,
तो वीतभर आखूड.
मागे भिंत होती, तिच्यावर उजेड दिसला असता,
पण ग्युमरीचा काळा दगड तो,
पडेल तो प्रकाश गिळून बसतो.

आणि ती भिंत ह्राच्याची.
हातभर माझ्या अंगणात सरकलेली.
तिच्यावरून नऊ वर्षांचा अबोला आमचा,
लग्नात नाही, मयतीत नाही,
पावाच्या दुकानात रांगेत पुढेमागे उभे असलो तरी नाही.
तो भिंतीपाशी स्टुलावर बसून लोकर पिंजत होता,
माझी विटेची आणि झाडूची कसरत
त्याने पहिल्यापासून पाहिलेली असणार.

मी मुकाट्याने आत बसले.
आरशात बघायचं नाही असं ठरवून
ब्रेक दाबला.
आणि बघितलं.

त्याने डावा हात वर केला.
लोकरीचा पुंजका बोटांना चिकटलेला.
मी पाय सोडला, हात खाली.
दाबला, हात वर.
पुन्हा सोडला. पुन्हा दाबला.
खरं तर एकदाच पुरेसं होतं,
त्यालाही ते ठाऊक होतं,
तरी त्याचा हात चुकला नाही.

मग उजवा हात वर. तोही चालू होता.
मग तो उठला, गुडघे धरून,
चार पावलं पुढे आला,
मागच्या काचेच्या वरच्या कडेकडे बोट करून
डोळे बारीक केले. घसा खाकरला.
"मधला गेलाय," म्हणाला.

नऊ वर्षांनंतरचे दोन शब्द,
आणि तेही तक्रारीचे.
मी काच खाली घेतली.
"आर्ताशकडे मिळेल?"
"त्याच्याकडे नसतो. माझ्याकडे आहे एक,
पडलेला."
तो भिंतीच्या दारातून आत गेला
आणि दार त्याने लोटलं नाही.

गाडी बंदच होती, चढ-उतार काही नव्हता.
तरी तो परत येईपर्यंत
माझा पाय ब्रेकवरच होता.