नऊशे नव्वद ग्रॅम

कॅनडा कॉर्नरला पहिल्या मजल्यावर माझं दुकान,
खाली चिवड्याचं.
कुणी नवा लॅपटॉप दोन बोटांत धरून
"फक्त नऊशे नव्वद ग्रॅम" म्हणालं
की मी तौसीफला खाली पिटाळतो.
चिवड्याच्या काट्यावर तो भरतो एक किलो चाळीस,
चार्जरसकट सव्वा,
आणि ज्याच्यावाचून साधा पेन ड्राइव्ह लागत नाही
ती शेपटीवाली डबी ठेवली, की काटा अजून थोडा हलतो.
नंतर महिनाभर त्या मशीनच्या फटीत शेव सापडते.

देरले वकील खूश आहेत.
कोर्टात पंखा घरघरत नाही, साहेब मान वर करत नाहीत,
आणखी काय पाहिजे?
फक्त टाइप करताना पाटावर टिचक्या मारल्यासारखं वाटतं हो,
अक्षर उमटलं का, ते बोटांना कळत नाही,
डोळ्यांना विचारावं लागतं.

गंगापूर रोडचा ओजस लग्नांचे फोटो करतो.
तो पडद्याच्या प्रेमात:
हळदीचा पिवळा, म्हणे, आयुष्यात पहिल्यांदा पिवळा दिसला.
आणि त्याच दमात मांडीवरचा लाल चट्टा दाखवतो.
तिसऱ्या तासाला पापड भाजून निघेल,
वर आपला स्पीकर
डब्यात अडकलेल्या माशीसारखा.

सातपूरचे खैरनार काही विकत घेत नाहीत.
बिजागरी बघायला येतात.
उघडतात, मिटतात, कानाशी नेतात,
"असली बिजागरी आमच्याकडे तपासणीतच लाल पेटीत जाते."
चहा पितात, जातात.

माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.
पूर्वी चार स्क्रू काढले की आतली मंडळी ओळखीची निघायची.
रॅम बदला, पंख्यातला कापूस उपसा,
बॅटरी तर खटकन हातात.
आता सगळं डाख देऊन एकमेकांत बसवलेलं,
एकाला ताप आला की अख्खं घर दवाखान्यात.
उरलेलं गोंदानं चिकटवलेलं.
पातळपणाची किंमत कुणीतरी मोजतंच,
आमच्याकडे ती तौसीफची नखं मोजतात.

मंगळवारी मृदुला भामरे आल्या.
बॅटरी फुगून पुरी झालेली,
झाकण मिटत नव्हतं, ओढणीनं बांधून आणलं होतं.
मी नेहमीचं पुराण सुरू केलं:
असली नाजूक मशीन घेता कशाला,
दोन वर्षांत माती,
जुनं जाडजूड काय वाईट होतं?

त्या ऐकत राहिल्या. ऐकणं हे त्यांचं कामच.
पेठकडच्या शाळांत मुलांचे कान तपासतात.
बारीकसा टूं वाजतो, ऐकू आला की मुलानं हात वर करायचा.
"जुन्याचा पंखा सुरू झाला की मुलं त्यालाच हात वर करायची," म्हणाल्या,
"बहिरी मुलंसुद्धा. शेजारच्याचं बघून."

मग खांदा चोळत, जरा थांबून:
"आणि तो पावणेतीन किलो होता.
एसटीतून उतरून पाऊण तास चढण.
खरं सांगू? दूरचे तीन पाडे
मी दर वेळी पुढच्या महिन्यावर टाकायचे."

पुढचा महिना आला का,
ते मी विचारलं नाही.

दोन तास लागले. गोंद केसांच्या ड्रायरनं सैल केला,
बॅटरी जुन्या नखकाप्याच्या पात्यानं, श्वास रोखून, सोडवली.
नवी बसवल्यावर झाकण मिटलं,
आणि मशीन सुरू झालं तेव्हा
खरंच काही ऐकू आलं नाही.
खालून चिवडा हलवल्याचा आवाज तेवढा.

तौसीफ सवयीनं ते उचलून जिन्याकडे निघाला.
म्हटलं, राहू दे, आज काटा नको.

बिजागरी मात्र खैरनार म्हणतात तसलीच.
तिच्यात पितळेची एक चकती मी जास्तीची घातली.
वजन वाढलं असेल थोडं.
बाईंना सांगितलं नाही.