डावं-उजवं

तापकीर गल्लीत तिसरा मजला,
लिफ्ट नाही, म्हणून भाव थोडा कमी.
तौसीफनं काचेवर तीन डबे मांडले:
चार हजार, साडेचार,
आणि पाच हजार नऊशे नव्व्याण्णव.
"वरचा एक रुपया तुमचा, काका."

पहिल्यात कान अख्खे आत गेले, उशीत गेल्यासारखे.
चष्म्याच्या काड्या मात्र कानशिलात रुतल्या
आणि खर्ज असा, की खालच्या दुकानात
कुणी गाद्या झोडपतंय.
"बेस दमदार आहे," तौसीफ म्हणाला.
दम आहे रे, म्हटलं, दार कुठाय?

दुसरा हलका. इतका, की मान वळवली
तर तो क्षणभर मागे राहतो, विचार करत.
गादीवरचं कातडं म्हणजे कातड्याचं सोंग;
माझ्या मेव्हण्याच्या असल्याच एकाची
दोन उन्हाळ्यांत खपली निघाली,
काळे कण कानामागे, मोहरीसारखे.
बिजागरी कुरकुरते.
पण झांज जिथल्या तिथे.

तिसरा बाहेरचं जग बंद करतो.
बटण दाबलं आणि लक्ष्मी रोड गेला,
पंखा गेला, तौसीफचे ओठ नुसते हलत राहिले.
एवढ्यासाठी दीड हजार जास्त?
मला ते फुकट मिळालंय.
निम्मं.

हे त्याला सांगितलं नाही.
भोसरीत एकवीस वर्षं मी उभा, आणि डाव्या हाताला
दोन टनी हॅमर.
डाव्या कानात आता एक बारीक शिट्टी राहते,
भाडं देत नाही, जागाही सोडत नाही.

माझं माप एकच:
कंपनीच्या गणपतीतली बैठक, अठ्ठ्याण्णव साल, दोन माइक,
भाचीनं कॅसेटवरून फोनमध्ये उतरवून दिलेली.
उजवीकडे पेटी आणि तबला.
डावीकडे रणपिसे, माझ्याच पाळीतला,
नखांत ग्रीस, हनुवटीखाली व्हायोलिन.
तिन्ही हेडफोनांत पेटी उत्तम होती.
तिन्ही हेडफोनांत रणपिसे नव्हता.

मग मी उलटे घालून पाहिले.
पहिल्याच्या गाद्या तिरक्या, कान मुडपतो.
तिसऱ्याची बटणं अंगठ्याला सापडेनात, आपोआपच बंद पडला.
दुसऱ्याला काही कळलंच नाही.
दोन्हीकडून सारखाच भोळा,
एल उजवीकडे, आर डावीकडे,
आणि रणपिसे आला.

अर्धी मात्रा मागून.
तेव्हाही तसाच यायचा.
समेच्या आधी नाकानं ओढलेला श्वास,
तोसुद्धा.
हल्ली तो चऱ्होलीला मुलाकडे असतो,
असं कुणीतरी म्हणालं होतं.

तौसीफ बघत होता. जरा वेळानं हळूच म्हणाला,
"काका, फोनमध्ये मोनो करता येतं.
दोन्ही बाजू एकाच कानात.
मग कुठलाही घ्या."
करूनही दाखवलं त्यानं. आणि खरंच,
पेटी, तबला, रणपिसे, सगळे
एकाच दारातून, एकमेकांच्या पायांवर पाय देत.

"बंद कर," म्हटलं. "दुसरा दे. चारला."
"सव्वाचार."
सहा महिने गॅरंटी. कातड्याची नाही,
हे त्यानं बिलावर वेगळं लिहून दिलं.

जिना उतरताना हिशोब केला:
प्रत्येक गाणं आता दोनदा ऐकायचं,
एकदा सुलट, एकदा उलट.
म्हणजे सव्वाचारचा पडला
सव्वादोन हजाराला. चूक असेल,
पण मजल्यावर मजला हिशोब बरा जमत गेला.

आप्पा बळवंत चौकात फोन वाजला.
उजव्या हातात डबा, म्हणून डाव्या कानाला लावला.
शिट्टीच बोलली.
थोडा वेळ तिचं ऐकून घेतलं,
मग बाजू बदलली.